घाटात जायचं आहे, दगड घेतला का?

अमेरिकेतला माणूस ग्रँड कॅन्यनला निघतो तेव्हा टाकी भरतो, फोनमध्ये नकाशा उतरवून घेतो, पाण्याचे कॅन डिकीत ठेवतो आणि गाडी काढतो. ही माहिती माझ्या भाच्याची. दरीच्या दक्षिण काठावरून चाळीसेक किलोमीटरचा डेझर्ट व्ह्यू नावाचा रस्ता जातो. त्यावर जागोजागी थांबे आहेत. थांबायचं, खाली दीड किलोमीटर दरी पाहायची, पुढे निघायचं. गाइड लागत नाही. मला हे फार आवडलं. ठरवलं, आपली गाडी, आपलं कुटुंब, आपला चिखलदरा. कोणाला काही विचारायचं नाही.

विचारलं नाहीच. पण आमच्या बाभुळगावात सांगण्यासाठी विचारावं लागत नाही.

चाकांत हवा भरायला गाडी उभी केली. शेजारचे काकाजी तिथेच चहा पीत होते.

"कुठी चाल्ले, भौ?"

"चिखलदऱ्याले."

हवा भरणाऱ्या पोराने मशीन बंद केलं. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. एका पक्षाचं मत पडलं, धामणगाव, चांदूर रेल्वे करत अमरावती गाठावी. दुसरा पक्ष यवतमाळ, नेर, बडनेरा या मार्गाचा कट्टर पुरस्कर्ता. काकाजींचं म्हणणं, समृद्धी महामार्गावर चढावं.

"काकाजी, समृद्धी चिखलदऱ्याले जात नाही."

"जात नसन. पन रस्ता काय मस्त हाय!"

अमरावती ते परतवाडा यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. मग कोणीतरी म्हणालं, परतवाड्यापासून बहिरम काही लांब नाही, तिथलं हंडीतलं मटण खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. मी म्हटलं, बहिरमची जत्रा हिवाळ्यात असते, आता पावसाळा चालू आहे. "मंग हिवाळ्यातच जा न!" हा तोडगा इतका आवडला की माझी सहल चार महिने पुढे ढकलली गेल्यासारखी सगळे पांगू लागले.

कामाचं बोलला तो एकटा मेकॅनिक. "ज्या गेरात चढसान, त्याच गेरात उतरा. न्यूट्रल मारू नका. पेट्रोल वाचन, मानूस नाही." कारणही त्याने समजावलं: लहान गेअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरत राहिलं तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. परतवाड्यानंतर तीसेक किलोमीटर चढत चढत सुमारे ११०० मीटर उंची गाठायची आहे. आमच्या गाडीला आजवर घराच्या फाटकापुढच्या उतारापलीकडे चढ ठाऊक नाही.

घरी आलो तर बाबांनी दगड काढून ठेवला होता. चढावर गाडी थांबली तर चाकाखाली लावायला. मी म्हटलं, बाबा, आपण सातपुड्यात चाललोय, तिथे दगडांशिवाय आहे काय? "तिथं ऐन टायमाले कोन शोधत बसन?" बाबांच्या प्रश्नाला भूगर्भशास्त्रातही उत्तर नाही. आमच्या अंगणातला काळा दगड आणि गाविलगडचे डोंगर एकाच लाव्हारसातले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. भाच्याच्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी तर पावणेदोनशे कोटी वर्षांचे खडक उघडे पडलेत. पण त्याला घरून दगड नेण्याची सोय कोणी करून दिली नव्हती.

आत्याबाईंचा विषय वेगळा. त्यांना घाट लागतो. घाट नुसता बोलण्यात आला तरी लागतो. त्यांनी लिंबं, ओवा, आवळासुपारी आणि माणशी दोन पिशव्या मोजून काढल्या. उरलेल्या जागेत बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, दशम्या आणि मुरमुऱ्यांचा चिवडा भरला. चिखलदऱ्याची रबडी प्रसिद्ध आहे असं मी सुचवून पाहिलं. "रबडीवर दोन दिवस काढता का?" मी गप्प. तिथल्या पंचबोल पॉइंटवर दिलेली हाक डोंगरांवर आपटून पाच वेळा परत येते म्हणतात. आमच्या घरात एकदा काढलेला विषय याहून जास्त वेळा परततो, त्यासाठी पेट्रोल जाळावं लागत नाही.

मुलाने मेळघाटातल्या वाघाचा हट्ट धरला. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात. तिथली सफारी म्हणजे जिप्सी, आणि सोबत गाइड सक्तीचा! मी वाघ रद्द केला. तेव्हा आत्याबाईंनी आठवण दिली की भीमाने कीचकाला मारून फेकलं ते चिखलदऱ्याच्याच दरीत. माझ्या माहितीप्रमाणे, कोणाला रस्ता न विचारता चिखलदऱ्यात उतरलेला तो पहिलाच.

निघायचं पहाटे पाचला. पावणेपाचला फाटक वाजलं. काकाजी. डोक्याला मफलर, हातात पिशवी.

"मी पुढं बसतो. तुमाले रस्ता कोन सांगन?"

बाबा निमूट मागे सरकले, दगड मांडीवर घेतला. मी चावी फिरवता फिरवता विचारलं, "काकाजी, तुमी किती खेपा जाऊन आले चिखलदऱ्याले?"

"म्या कुठी पायला अजून? म्हनून त येऊन रायलो!"