कशावर फ्री?

परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की वाटेत 'पोखर्णी नृसिंह' नावाचं स्टेशन लागतं. स्टेशनलाच देवाचं नाव असलेल्या गावात माणसानं निवृत्तीनंतर नामस्मरण करावं, अशी लोकांची साधी अपेक्षा असते. मी इंग्रजी शिकवायला घेतलं. कारण एवढंच, की दिवसभर काही न करणाऱ्याला गावात 'रिकामा' म्हणतात आणि मला 'फ्री' म्हणवून घ्यायचं होतं. रिकामा माणूस पारावर बसतो. फ्री माणूस भिंतीवरचं कॅलेंडर बघतो आणि "गुरुवारी जमेल" म्हणतो. काम दोघांनाही नसतं, पण दुसऱ्याला चहा विचारतात.

ओसरीवर बोर्ड लावला : 'फ्री इंग्लिश क्लास'. पेंटरनं अक्षरागणिक पैसे घेतले आणि त्यात 'फ्री'चेही लावले. रंग वाळायच्या आत शेजारच्या मावशी आल्या.

"कशावर फ्री हाय?"

"कशावर म्हणजे?"

"म्हंजी साबणावर साबण असतंय, चहापत्तीवर बरणी असतीया. तसं हे इंग्लिश कशावर?"

"कशावरच नाही मावशी, नुसतंच फ्री."

मावशींचा चेहरा पडला. "मंग जुनं असंल," म्हणाल्या आणि गेल्या.

तरी पोरं जमली. काही दहावीची, काही पोलीस भरतीची तयारी करणारी. बोर्डावर होता म्हणून पहिला शब्द 'फ्री' घेतला. "या एका शब्दाला डझनावारी अर्थ आहेत," असं मी घसा साफ करून सांगितलं. डझनभर अर्थ मी आदल्या रात्री शब्दकोशातून उतरून काढले होते. पण माझा कागद खिशातच राहिला. पोरांनीच सुरुवात केली.

फ्री पिरियड. फ्रीशिप. मेंटेनन्स फ्री बॅटरी. टोल फ्री नंबर. फ्री हिट, म्हणजे धावबाद वगैरे सोडलं तर फलंदाज बाद नाही, त्यानं दांडपट्टा फिरवावा. तालमीतल्या एकानं फ्रीस्टाइल सांगितली : ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेच्या खाली धरता येत नाही, फ्रीस्टाइलमध्ये पायाला हात घालता येतो. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ब्राँझपदक आणलं ते फ्रीस्टाइलमध्येच. मी म्हणालो, "शाब्बास." तो म्हणाला, "मंग सर, पेपरात दोन पुढारी भिडले की फ्रीस्टाइल म्हणत्यात, त्येंला पदक कामून नाही?"

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.

मग मी मराठीचा मोठेपणा सांगायला लागलो. इंग्रज एकाच पोत्यात सगळं कोंबतो, आपण निवडून ठेवतो. वेळ असेल तर रिकामा, दोर सुटला तर मोकळा, पैसे न देता मिळालं तर फुकट, तेच सरकारनं दिलं तर मोफत, फी सोडली तर माफ, देश सुटला तर मुक्त, पोरगं सुटलं तर मोकाट. वर्ग प्रभावित झालाय असं वाटलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला.

"सर, शुगर फ्रीमधी साखर नसती ना?"

"नसते."

"टॅक्स फ्रीमधी टॅक्स नसतो?"

"नसतो."

"मंग तुमच्या फ्री इंग्लिशमधी..."

वर्ग फुटला. मी खडू उचलून नियम लिहिला : 'फ्री' मागे लागला तर 'विना', पुढे लागला तर 'फुकट'. नियम सुबक होता. 'फ्री पिरियड' येईपर्यंत टिकला.

माणूस व्याकरणात हरला की इतिहासात शिरतो. दुसऱ्या दिवशी मी जेकब ग्रिमला घेऊन आलो. हा परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला. त्यानं 1822 साली नियम मांडला, की आपल्याकडं, लॅटिन-ग्रीकमध्ये जिथं शब्दाच्या सुरुवातीला 'प' असतो, तिथं इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'फ' होतो. पितृ तिकडं फादर झाला, पाद फूट झाला. आणि आपला 'प्रिय' झाला फ्री! घरातली जिवाभावाची माणसं ती 'फ्री', बाकीचे गुलाम, अशी ती जुनी वाटणी. फुकटचा अर्थ फार नंतर चिकटला. फ्रेंड हा शब्द त्याच मुळाचा, म्हणजे प्रेम करणारा. फ्रायडे हा फ्रिग देवीचा वार, तीही याच कुळातली. मी एवढा रंगात आलो की शेवटी न विचारता सांगून टाकलं : "आणि 'फी' हा शब्द आपल्या 'पशू'च्या नात्यातला. पूर्वी गुरंढोरं हेच धन होतं ना!"

वर्ग प्रथमच गप्प झाला. मला वाटलं, भारावला.

"म्हंजी सर, फ्री फायर म्हणजे प्रिय आग?" एकानं विचारलं. दुसरा जास्त व्यवहारी होता. "फी म्हणजे जनावर असंल तर म्हैस चालंल का?"

सकाळी ओसरीच्या खांबाला एक शेळी बांधलेली होती. गळ्यात चिठ्ठी : 'सप्टेंबरची फी'. ती 'फ्री' करायला गेलो तर तिनं ग्रिमच्या नियमाची वही अर्धी खाल्ली. घरातून आवाज आला, "आता दूध तरी काढा, म्हणजे काहीतरी कमावलं म्हणता येईल."

शेळी गेली आणि 17 सप्टेंबर आला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : 15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीत झेंडा लागला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा धुमाकूळही चालू होता. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. तेरा महिने उशिरा का होईना, आम्ही सुटलो. म्हणून 17 सप्टेंबर हा आमचा मुक्तिसंग्राम दिन.

क्लासच्या वतीनं त्या दिवशी इंग्रजी नावाचा फलक लावायचं ठरलं. 'मुक्ती'साठी 'लिबरेशन' हा शब्द मला येत होता, याची कृपया नोंद घ्यावी. पण पेंटर अक्षरागणिक पैसे घेतो. 'लिबरेशन' पाच अक्षरं, 'फ्री' एक. पेन्शनरानं जे करायचं तेच मी केलं. सकाळी चौकात फलक झळकला : 'मराठवाडा फ्री डे'.

झेंडावंदनाला एवढी गर्दी मी गावात जत्रेशिवाय पाहिली नव्हती. बायका पिशव्या घेऊन, माणसं पोती घेऊन. मावशी सगळ्यात पुढं. "औंदा काय काय मिळायलंय?" रांग लागली, रांगेत भांडण लागलं, कुणीतरी आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्या बाबांनी फलक वाचून घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "रझाकारांच्या भ्यावानं आमच्या मायनं रात्री ज्वारीच्या पिकात काढल्या. फ्री कुठं मिळालंय ते?"

नृसिंहाच्या मंदिरात आत जायचं दार बुटकं आहे. तिथं भल्याभल्यांना वाकावं लागतं. मी त्या दिवशी चौकातच तेवढा वाकलो.

बाबांचं समाधान झालं, रांगेचं झालं नाही. पिशवी घेऊन आलेला माणूस इतिहास ऐकून घरी जात नाही. शेवटी जिलेबीवाल्याला बोलावलं. एरवी मुलांपुरती असणारी राष्ट्रीय सणाची जिलेबी त्या वर्षी अख्ख्या गावानं खाल्ली आणि पिशव्यांतूनही नेली. माझी महिन्याची पेन्शन पाकात बुडाली.

दुसऱ्या दिवशी पोरं वेळेवर हजर होती. पुढचा शब्द त्यांनीच निवडून आणला होता : 'फाइन'. छान, बारीक, तलम असे त्याचे बरेच अर्थ पाठ करून आले होते. "आणि दंड," मी म्हणालो. "तो अर्थ मला समजावू नका, मी कालच भरून मोकळा झालोय."