जंगम मालमत्ता

गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे जाहीर कौतुक व्हायला हवे. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपात ४५० वॉटपर्यंत वीज खाते. लॅपटॉपात त्याच नावाचे, पण धाकट्या चिपचे कार्ड साधारण १५० वॉटमध्ये भागवते. इतका संयम हल्ली साधुसंतांतही दिसत नाही. पूर्ण ताकदीला चार्जर मात्र भिंतीलाच हवा. मान अवघडते म्हणून मॉनिटर, तापतो म्हणून कूलिंग पॅड, बोटे भाजतात म्हणून वेगळा कीबोर्ड. आता शासनाने टेबलाला चाके लावण्यासाठी अनुदान द्यावे, म्हणजे प्रवासाची सोय पुरी होईल.

तरीही हा लॅपटॉप घराबाहेर पडत नाही, हा आरोप खोटा आहे. पंख्यात धूळ साचली की तो सर्व्हिस सेंटरला जातो. डेस्कटॉपच्या नशिबी तेही नाही. त्याचा पंखा स्क्रूड्रायव्हरने घरीच बदलता येतो.