पेंग्विनला कुणी रात्री उठवत नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची सुट्टी एका दिवसाची. पण वाशिम, रिसोड, कारंजात कॉन्व्हेंट निघाली आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा मोकळा झाला. तो घरी बसून घालवला तर एवढी फी भरली कशाला? म्हणून मुंबई. चिखलदरा नको, तिथे थंडी असते, आणि थंडी तर घरीही आहे.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी मिळते. म्हणजे नाताळचे तिकीट ऐन सोयाबीन विकायच्या दिवसांत काढायचे. साहजिकच मुंबईचा खर्च आम्ही रुपयांत मांडत नाही. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. तो हाती पडेलच असे नाही, पण हिशेबाला बरा. दादरचे लॉज रात्रीला अर्धा क्विंटल, टॅक्सी पाच किलो, चौपाटीवरची भेळ एक किलो. भेळ खाताना बाप गप्प असतो तो समुद्र पाहून नव्हे.

अकोल्याला विदर्भ एक्सप्रेस धरताना अंगात स्वेटर, कानाला मफलर. कल्याणला मफलर सुटतो, दादरला स्वेटर निघतो, आणि पुढे मुक्कामभर तो धाकट्या पोट्ट्यासारखा काखेत सांभाळावा लागतो. सिद्धिविनायकाची रांग, गेटवेच्या बोटीची रांग, मग राणीबागेची. इथे मात्र सगळ्यांना खरी थंडी बघायला मिळते. काचेपलीकडे.

2016 साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीबागेत आणले गेले. त्यांच्यासाठी 16 ते 18 अंश तापमान राखतात. त्याला यंत्रे लागतात, वीज लागते, माणसे लागतात. वाशिमला डिसेंबरच्या पहाटे पारा याच्याही खाली जातो, तेही फुकट. घामाघूम वऱ्हाडी बाप पोराला खांद्यावर घेऊन सांगतो, “पाय रे, किती थंडीत राह्यतात बिचारे!”

त्याच दिवसांत गावाकडे पोराचे आबाजी हरभऱ्याला पाणी देत असतात. कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असली, की उठायचे रात्रीच. डोक्याला फडके, हातात बॅटरी, पाय चिखलात. पेंग्विनला रात्री दोनला कुणी उठवत नाही, हा दोघांतला मुख्य फरक. दुसरा असा की आबाजींना बघायला तिकीट नाही, त्यामुळे गर्दीही नाही.

काळवीटही मुंबईत जाळीआड बघतात. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात ते मोकळे धावते, पण घराजवळचे जनावर पाहिले तर त्याला सहल कोण म्हणेल? वाशिमजवळच्या एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरचे पक्षी उतरतात. त्यांच्यात कॉन्व्हेंट नसावीत.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. शेलूबाजारला चढलेली गाडी थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला उतरते. हाच रस्ता उलट दिशेनेही चालतो, आणि त्या टोकाला हुरडा असतो, शेकोटी असते, हे मुंबईकरांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

तरी जायचेच असेल तर राणीबाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी. आणि स्वेटर आबाजींकडे ठेवून जा.