खुर्द्याची गणती

लग्नघरातलं शेवटचं भांडण ताटांवरून होतं. केटरर म्हणतो, साडेसहाशे ताटं झाली. आम्ही म्हणतो, पावणेसहाशे. खोटं कुणीच बोलत नसतं. त्याने बँडवाले, ड्रायव्हर, मांडववाले धरलेले असतात, आम्ही वगळलेले. आमच्याकडे हे भांडण वकीलमामांनी हातात घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी सांगा, ताट म्हणायचं कशाला?"

तेव्हापासून थॉमस लिव्हरमोर मला मामांचाच कुणी लांबचा नातलग वाटतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात हा पोरसवदा वयात भरती झाला, पाचव्या न्यू हॅम्पशायर पलटणीत लढला, पुढे कर्नल झाला आणि घरी परतून वकील. लढाई डोळ्यांनी पाहिलेला माणूस. म्हातारपणी नातवंडांना चार गोष्टी फुगवून सांगितल्या असत्या तर कोण हरकत घेणार होतं? पण १९०० साली त्याने पुस्तक काढलं ते नुसत्या आकड्यांचं. कुठल्या लढाईत किती उभे राहिले, किती पडले.

भानगड ताटांचीच होती. उत्तरेच्या हजेरीपटात आचारी, गाडीवानही 'हजर'. दक्षिणवाले बहुतेकदा बंदूक धरणारे शिपाईच मोजत, अधिकारीसुद्धा सोडून. त्यामुळे हरल्यावर म्हणायला बरं, ते ढीगभर होते हो, आम्ही मूठभर! लिव्हरमोरने दोन्ही पक्षांची उलटतपासणी घेतली. पायदळाच्या शंभर हजरांतून सात वजा, घोडदळातून पंधरा. स्वतःच्या बाजूलाही सूट नाही.

लढणाऱ्यांतून आचारी असा सहज उचलून बाजूला ठेवणारा हा माणूस पडलेल्यांच्या बाबतीत मात्र एकालाही हलू देत नाही. गेटिसबर्गच्या लढाईत मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून उत्तरेचे २३,०४९, दक्षिणेचे २८,०६३. ठोकळ तेवीस हजार म्हटलं असतं तर? पण त्याच्या पाचव्या पलटणीचे २९५ जण त्या अख्ख्या यादवी युद्धात लढता लढता गेले होते. उत्तरेच्या दुसऱ्या कुठल्याही पायदळ पलटणीचे इतके गेले नाहीत. वरचे एकोणपन्नास खोडायला त्याचा हात कसा धजावा?

पानिपतची बातमी आली तेव्हा आपण मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्द्याला गणती नव्हती. लिव्हरमोर खुर्दा मोजत बसला.

केटररचे पैसे आम्ही पुरते दिले. मामा म्हणाले, "बँडवालेही जेवलेच होते की."