दोन वेढे जायफळ

‘हल्ली रात्री झोपच लागत नाही हो,’ असं चारचौघांत म्हणून बघा. समोरचा तलाठी असो, रिक्षावाला असो की निवृत्त बँक मॅनेजर, वाक्य संपायच्या आत तो वैद्य झालेला असतो. ‘जायफळ! सहाणेवर दोन वेढे, कोमट दुधात. पडल्या पडल्या डोळा लागतो की नाही बघा!’ कधीपासून लागत नाही, घोरता का, बीपीची गोळी चालू आहे का, असले फालतू प्रश्न फक्त डॉक्टर विचारतात आणि वर पैसेही घेतात.

जायफळावरची आपली श्रद्धा पुरणपोळीतून आली असावी. होळीच्या दुपारी चार पोळ्या, त्यांवर तुपाची धार, कटाची आमटी, भात असं सगळं पोटात गेल्यावर माणूस आडवा होतो आणि श्रेय जातं पुरणातल्या चिमूटभर जायफळाला. पोळ्यांचा आणि तुपाचा जणू त्यात हातच नाही. बरं, हेच जायफळ आपण कॉफीत किसतो. कोजागरीला, म्हणजे जागायचं असतं नेमक्या त्याच रात्री, पातेलंभर आटीव दुधात तेच घालतो आणि गच्चीवर उत्तररात्रीपर्यंत भेंड्या लावतो. कुठल्या दुधात झोपवायचं आणि कुठल्या दुधात जागवायचं, हे बिचाऱ्या जायफळाला कोण सांगणार?

त्याच्या अंगी काहीच नाही असं मात्र नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये स्वतःवरच प्रयोग म्हणून तीन जायफळं खाल्ली आणि त्याला भास होऊ लागले. मात्रा वाढली की मळमळ, छातीत धडधड, भ्रम असा सगळा फौजफाटा येतो. पण आपल्याकडे ‘घरचंच आहे, जरा जास्त पडलं तर काय बिघडतं’ हे वाक्य तान्ह्या बाळाच्या गुटीपर्यंत चालतं. तिथे सहाणेवर तिसरा वेढा बाळाच्या झोपेसाठी दिला जातो की घरातल्या मोठ्यांच्या, हे विचारू नये.

खसखशीचीही तीच कथा. खीर करून प्या, शांत झोप लागते म्हणे. अफूच्या बोंडात अमली जे काही असतं ते चिकात. बियांना लागलं तर तेवढाच चिकाचा हात. पण दुबईच्या कस्टमला हा बारकावा समजावायला जाऊ नका. तिथे खसखस नेणं हा गुन्हा आहे, आणि तरीही दर दिवाळीत कुणाची तरी आई लेकाच्या बॅगेत अनारशांचा डबा कोंबतच असते.

आता खरोखर काम करणाऱ्या वनस्पतीचं बघू. सर्पगंधा. बिहारकडे ही मुळी वेड्यांना शांत करायला पिढ्यान्‌पिढ्या देत. १९३१ मध्ये सेन आणि बोस या दोघांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि जग खडबडून जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. मग कळलं, की हे औषध रक्तदाब उतरवतं, माणसाला सुस्त करतं आणि काहींना नैराश्यातही ढकलतं. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात म्हणणाऱ्यांनी या मुळीला एकदा नमस्कार करावा, लांबून. ज्याने कधी काही बिघडूच शकत नाही, ते दुरुस्त तरी काय करणार?

सध्या गादीवर अश्वगंधा आहे. चूर्ण जुनं झालं, आता गमी निघाल्यात, स्ट्रॉबेरी स्वादाच्या. अश्वगंधेने झोप थोडी सुधारते असं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे; ‘थोडी’ आणि ‘लहान’ हे शब्द जाहिरातीत मावत नाहीत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. डेन्मार्कला काय कळतंय आयुर्वेदातलं, असं म्हणणार असाल तर चला, चरकालाच विचारू.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी उपाय दिलेत. अंगाला तेल, स्नान, मांसरस, दहीभात, दूध, तूप, मद्य (थांबा, पुढेही वाचा), मनाला बरं वाटणं, आवडीचा सुगंध, कानाला गोड लागणारे आवाज, अंग चेपून घेणं, नीट घातलेलं अंथरूण, सुखाचं घर आणि योग्य वेळ. अश्वगंधेचं नाव या यादीत नाही, जायफळाचंही नाही. पुढे पंचविसाव्या अध्यायात झोप आणणाऱ्यांत सर्वांत श्रेष्ठ कोण, याचंही उत्तर आहे: म्हशीचं दूध. देशी गाईचं ए-टू दूध काचेच्या बाटलीतून विकणाऱ्यांनी हे पान बहुधा चिकटवून टाकलं असावं.

अडचण एवढीच, की या यादीतलं डबीत भरून विकण्यासारखं फार थोडं. कानाला गोड आवाज म्हणाल, तर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि सणासुदीला त्यातून सवलत मिळण्याची सोयही आहे. सुखाचं घर म्हणाल, तर शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. योग्य वेळ म्हणाल, तर हिंजवडीतल्या पोराची मीटिंग अमेरिकेत सूर्य वर आला की सुरू होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला आधी गोळ्या नकोत, सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धत वापरा, असंच सांगितलं. अंथरुणात तळमळत पडू नका, उठायची वेळ मोडू नका वगैरे. यातही विकायला काही नाही, म्हणून जाहिरातही नाही.

गमीवाले मात्र हुशार. डबीच्या मागे बारीक अक्षरांत छापतात: झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा, हलकं जेवा, दिवे मंद करा, ठरल्या वेळी अंथरुणावर जा आणि मग दोन गमी चघळा. एवढं सगळं केल्यावर दोन खडीसाखरेचे खडे चघळले तरी गुण यायचा.

पण गमी संपल्याचं लक्षात येतं रात्री साडेबाराला, मोबाइल हातात असतानाच. ऑर्डर जाते. काही मिनिटांत दारावर बेल वाजते आणि पाठीवर बॅग, डोळे तांबारलेले असा एक पोरगा झोपेची डबी हातात देऊन ओटीपी विचारतो. त्याला अजून आठ ऑर्डरी पोचवायच्या आहेत, आणि त्याने काय घ्यावं ते समोर उभ्या असलेल्या वैद्याने अजून सुचवलेलं नाही.