फर्स्ट क्रॅक

हा माणूस हल्ली कोथरूडपासून पार्ल्यापर्यंत कुठेही भेटतो. राखलेली दाढी, कॅनव्हासचा एप्रन आणि रुमालाच्या जागी खिशात वजनकाटा. आयटीतली नोकरी सोडून कॉफी भाजायला लागलेला असतो. ‘हल्ली काय करतोस?’ असं चुकून विचारलंत, तर संध्याकाळ गेली म्हणून समजा.

रोस्टरपुढे त्याची समाधी लागते. हिरव्या बिया पिवळ्या पडतात, गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा यायला लागतो, आणि हा पडद्यावरच्या तापमानाच्या आलेखाकडे शेअरदलालासारखा डोळे लावून बसतो. १९६ अंश सेल्सियसच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबाने बिया तडतडू लागतात. हाच तो फर्स्ट क्रॅक. इथून पुढची एक-दोन मिनिटं चव ठरवतात, त्यामुळे बायकोचाही फोन घ्यायचा नाही. याची आई चकलीची भाजणी जन्मभर नुसत्या वासावर भाजत आली, असं म्हणून पाहा. ‘पण दर वेळी तश्शीच होते का?’ असं तो विचारतो. होते.

मग कपिंग, म्हणजे चव पारखणं. ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिलिलिटर पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा आणि थोडं निवलं की भुरका. लहानपणी असल्याच भुरक्यांपायी याने धपाटे खाल्लेत. आता म्हणे त्याने हवा मिसळते आणि गंध नाकापर्यंत चढतो. (चढतो, हे खरं आहे.) डोळे मिटून तो पुटपुटतो, ‘जर्दाळू... संत्र्याची साल... शेवटी किंचित जायफळ!’

तेवढ्यात मावशी म्हणतात, ‘अरे, मग दूध-साखर घालून थोडं जायफळच किसून दे ना!’

याचा चेहरा पडतो. चिकमगळूरच्या त्या मळ्याची उंची, झाडाची जात, फळं किती दिवस वाळवली, सगळं मावशींना ऐकावं लागतं. चिकोरी हा शब्द तर तो शिवीसारखा उच्चारतो. एक मात्र त्याचं पटतं: काळीठिक्कर भाजली की चांगली-वाईट कॉफी सारखीच कडू लागते.

एवढं ऐकून आपण कप पुढे करावा, तर आज भाजलेली कॉफी आज मिळत नाही. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जायला काही दिवस द्यावे लागतात. तेव्हा त्याच्याकडे जाणार असाल, तर घरून चहा पिऊन निघा.