हवा घेऊ रायली

मामांच्या ओमनीत पुढच्या सीटवर बसताना चपला काढायच्या नसतात. कधी उतरावं लागेल याचा नेम नाही. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटांखाली. मामांना इंजिनाची आठवण झाली, की वर बसलेल्यानं उठायचं. हिवरा आश्रम ते मेहकर रस्त्यावरचं प्रत्येक सावलीचं झाड त्यामुळे मामीला ओळखतं.

"उतर वं जरा."

"आता काय झालं?"

"काई नाई. कुठीतरी हवा घेऊ रायली."

मामा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. जगातल्या यच्चयावत बिघाडांचं कारण त्यांनी या तीन शब्दांत बसवलंय. विहिरीवरची मोटार पाणी ओढेना, तर फूटव्हॉल हवा घेऊ रायला. इथपर्यंत ठीक आहे, सगळं वऱ्हाड तसंच म्हणतं. पण मामांचं तिथं थांबत नाही. कुकरची शिट्टी होईना, ग्रामसभेत कोरम भरेना, शेजारच्या पोराचं लग्न जमेना, सगळीकडे हवा. माझी पहिली नोकरी सुटली तेव्हा घरात सुतक पसरलं होतं. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईला म्हणाले, "पोट्टं चांगलं हाय. फक्त कुठीतरी हवा घेते."

ओमनीच्या बाबतीत मात्र एकदा ते शब्दशः खरं ठरलं. मूळ कार्बोरेटरनं वीसेक वर्षं इमानानं चाकरी केली होती. शेवटी आतल्या झडपेची दांडी झिजली आणि तिच्या फटीतून हवा शिरू लागली. गाडी सिग्नलला उभी असल्यासारखी फुरफुरायची. (मेहकरला तेव्हा सिग्नल कुठला? पण मामा थांबायचे. कान देऊन.) मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, विकून टाका." मामा त्याच्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाहीत.

मग अकोल्याहून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कार्बोरेटर आला. मूळ कंपनीचा नव्हे, लोकल. दुकानदारानं 'शेम टू शेम' म्हणून दिलेला. मामांनी तो देव्हाऱ्यापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि कामाची आखणी केली. जुना काढण्याआधी प्रत्येक पाईपला त्यांनी गेल्या वर्षीच्या राख्या बांधल्या. गोंड्याची राखी डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या पाईपला, गणपतीची पेट्रोलच्या पाईपला, चमकीची त्या बारीक पाईपला जो कुठून कुठं जातो हे मामांनाही कधी कळलं नव्हतं. या सगळ्याचा नकाशा एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढला. बाण, आकडे, 'वर', 'खाली', सगळं फळ्यावरच्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी त्याच पत्रिकेतलं लग्न होतं. मंगल कार्यालयाचा पत्ता हवा म्हणून मामीनं पत्रिका पिशवीत टाकली, आणि आहेराच्या पाकिटाबरोबर ती चिखलीतच राहिली. ओमनी उघडी पडलेली असल्यामुळे दोघं एसटीनं परतले. वाटेत मामा एवढंच म्हणाले, "नवरदेवाच्या बापाकडे आपला नकाशा हाय."

पुढचे चार दिवस राख्यांवरून काम चाललं. शेम टू शेमची गंमत अशी, की नव्या कार्बोरेटरला एक तोटी जास्त होती आणि बाकीच्या तोट्यांनी जागा बदलल्या होत्या. गोंड्याची राखी मामांनी खालच्या तोटीला चढवली. चावी मारली आणि गाडी उभ्या जागी अशी भोंकली, की गोठ्यातली गाय दावं तोडून उठली. मामांनी स्लोचा स्क्रू पिळून आवाज खाली आणला. मग पिकअप गेला. तो आणायला हवेचा स्क्रू फिरवला, तर गाडी बंदच पडली. उत्साहात कमी नव्हती ती फक्त मामी. तिनं ओसरीतून विचारलं, "आता मी उतरू का?" ती गाडीत नव्हतीच.

उलगडा तिसऱ्या रात्री झाला, आणि तो त्यांनी मला झोपेतून उठवून सांगितला. डिस्ट्रिब्युटरला ओढ हवी ती ॲक्सिलेटर दिल्यावर. म्हणून त्याचा पाईप झडपेच्या वरच्या तोटीला लागतो. स्लोवर झडप मिटलेली, म्हणून त्या तोटीला ओढ नाही. ॲक्सिलेटर दाबला, की झडप उघडते, ओढ लागते आणि ठिणगी थोडी आधी पडते. झडपेखालची तोटी स्लोवरही जोरात ओढत असते. पाईप तिला लावला, तर गाडी उभ्याउभ्याच धावायला निघते. "म्हंजे तुझ्यासारकं," मामा म्हणाले. "काम नसताना जोर."

उरलेल्या तोटीवर त्यांनी सलाईनची नळी कापून, तिच्यात खिळा ठोकून बूच बसवलं. महिन्याभरात पेट्रोलच्या वाफेनं नळी कडक होऊन तडकली, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा आला, पुढे आणखी कशाचा तरी. हे बदललेले तुकडे मामा बिस्किटाच्या डब्यात जपतात. मे महिन्यात फ्युएल पंपावर ओलं फडकंही लागतं. त्यासाठी मामीचा नॅपकिन असतो.

हा माणूस जेवतानाही कान बंद करत नाही. पौष वद्य सप्तमीला आमच्याकडे विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो. अख्खं शिवार पंगतीला बसतं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी अन् वांग्याची भाजी येते. मामांना ट्रॅक्टरांचं कौतुक नाही. "डिझेलले कार्बोरेटरच नाई. मन कशात रमवावं माणसानं?" एका वर्षी पंगतीत बसलेले असताना दूर कुणाची तरी जुनी मारुती मिसिंग करत होती. मामांच्या हातातली पुरी थांबली. "ऐकलं का?" मला हजारो माणसांचा गलबला ऐकू येत होता. ते उठले, उष्ट्या हातानं त्या गाडीचे पाईप एकेक करून चिमटीत धरत गेले. एका पाईपला आवाज सुधारला. खिशातून ट्यूबचा तुकडा निघाला. परत आले तेव्हा त्यांच्या जागेवर लोणारचं एक कुटुंब जेवत होतं. मामा खुशीत त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.

2019 साली ओमनी बनायची थांबली, 2020 च्या एप्रिलपासून नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. मामांनी दोन्ही बातम्या कापून त्या डब्यातच ठेवल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी नवी गाडी घेऊन गेलो. मेहकरला जाताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी हिसके द्यायला लागली. मामा मागे बसले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "हवा घेऊ रायली." मी म्हटलं, मामा, ही कम्प्युटरवाली गाडी आहे, तसलं काही नसतं हिच्यात. पुढे गॅरेजात पोरानं स्कॅनर लावला आणि पडद्यावर वाचून सांगितलं, की इंजिनात जादा हवा जातेय, कुठंतरी पाईप फाटलाय. मामांनी फक्त तो फाटका पाईप मागून घेतला.

पण ते नंतरचं. तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वळून बघितलं. पुढची सीट रिकामी होती. कुणी काही म्हणायच्या आत मामी उतरून लिंबाखाली जाऊन बसली होती, पदरानं वारा घेत, आम्ही सीट कधी उचलतो याची वाट बघत.